फाल्गुन-चैत्रातलं आभाळ: निफाडच्या खोऱ्यात नव्याने शेती करणाऱ्यांनी हवामानाचा अंदाज कसा वाचावा

पुण्यातली नोकरी सोडून मी निफाड तालुक्यात वडिलांच्या वावरात आलो, त्याला आता सात हंगाम झाले. पहिल्याच वर्षी मार्चमध्ये दीड एकर उन्हाळ कांदा काढून पसरवला होता. अंदाजात चौदा तारखेला 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस' होता आणि पंधरा तारीख कोरडी. चौदाचा दिवस उन्हात गेला, रात्री नऊला स्वच्छ चांदणं होतं, म्हणून कांदा गोळा करून झाकला नाही. पहाटे चारला पाऊस आला. तो कांदा साठवणुकीच्या कांदाचाळीत टिकला नाही, मिळेल त्या भावाने विकावा लागला.

अंदाज चुकला, असं मी बरेच दिवस समजत होतो. नंतर कळलं की हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पंधराची पहाट त्यांच्या हिशोबात चौदा तारखेतच होती. अंदाज बरोबर होता, मला तो वाचता आला नव्हता. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत द्राक्षं तोडणीला असतात, कांदा काढणीला येतो, गहू उभा असतो. वर्षाची सगळी कमाई एकाच वेळी उघड्यावर असते. नव्याने शेतीत आलेल्यांसाठी, विशेषतः शहरातून परतलेल्यांसाठी, मला कळलेली रीत इथे लिहितो.

सुरुवातीला काय जमवायचं

- स्मार्टफोन आणि त्यात तीन ॲप: मौसम (हवामानाचा अंदाज), मेघदूत (शेती सल्ला) आणि दामिनी (विजेचा इशारा). तिन्ही सरकारी आहेत, फुकट आहेत.
- साधा पर्जन्यमापक. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा, मिलिमीटरच्या खुणा असलेला.
- कमाल-किमान तापमान दाखवणारा तापमापक. सावलीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, वारा खेळेल असा टांगा. पत्र्याच्या शेडखाली टांगलात तर आकडा खोटा येतो.
- एक डायरी. मोबाइलमधली नको, कागदाची. कारण पुढे सांगतो.
- ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक कागद, तोही जानेवारीतच. अंदाज आला की त्याच दिवशी सगळा तालुका दुकानात असतो.

१. आधी आपलं खोरं समजून घ्या

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिक ओलांडून आपल्याकडे येते आणि नांदूर मध्यमेश्वरजवळ कादवा नदीला भेटते. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला सातमाळ्याची रांग, मधे हा सखल, काळ्या जमिनीचा पट्टा. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की गार, जड हवा याच सखल भागात येऊन बसते. म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान नाशिक शहरापेक्षा बऱ्याचदा कमी असतं. फोन 'नाशिक' म्हणून जो आकडा दाखवतो, तो तुमच्या नदीकाठच्या वावराचा आकडा नाही. फेब्रुवारीत तर हे पक्कं लक्षात ठेवा.

पावसाचं गणित वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पाऊस येतो तो बहुधा दोन हवा भिडल्यामुळे. वायव्येकडून कोरडी हवा येत असते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवेची लाट, सरकत गेला की वरच्या थरात थंडी उतरते. त्याच वेळी खालच्या थरात आग्नेयेकडून बंगालच्या उपसागराची किंवा अरबी समुद्राची ओल आली, आणि जमीन दुपारभर तापलेली असली, की ढग उभा चढतो. वर थंडी जास्त आणि ढगातला उसळता वारा जोरदार असेल तर गारा. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती अजून इथल्या प्रत्येक घरात तारखेनिशी सांगतात.

माझे चुलते, आण्णा, ॲप उघडत नाहीत. दुपारी बांधावर उभे राहून म्हणतात, "वारं फिरलं रे." चार दिवस वायव्येचा कोरडा वारा असताना तो अचानक पूर्वेचा झाला आणि अंगाला चिकट लागला, तर ते संध्याकाळचं काम आवरायला घेतात. वरच्या परिच्छेदात जे लिहिलं, तेच ते अंगावर ओळखतात. तुम्हीही वाऱ्याची दिशा रोज बघायची सवय लावा. शेडवर कापडाची एक पट्टी बांधली तरी पुरते.

२. अंदाज कुठून घ्यायचा

हवामान खात्याच्या भाषेत नाशिक जिल्हा 'मध्य महाराष्ट्र' या विभागात येतो. जिल्ह्यांचा अंदाज आणि इशारे मुंबईचं प्रादेशिक केंद्र देतं. पहिला सापळा इथेच आहे. त्यांच्या तक्त्यात 'नाशिक' आणि 'नाशिक घाट' असे दोन वेगळे रकाने असतात. घाट म्हणजे इगतपुरी-त्र्यंबकची बाजू. निफाड, दिंडोरीचा पूर्व भाग, येवला, चांदवड यांनी 'नाशिक' हाच रकाना वाचायचा. टीव्हीवर घाटाचा इशारा 'नाशिकला इशारा' म्हणून सांगतात आणि लोक उगाच धावपळ करतात.

शेतीसाठी वेगळा सल्ला ग्रामीण कृषी मौसम सेवेकडून मिळतो. आपल्या जिल्ह्यासाठी तो इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून निघतो, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढच्या पाच दिवसांचा. मेघदूतवर मराठीत वाचता येतो. द्राक्षवाल्यांनी याशिवाय पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला वाचावा. त्यात कुठल्या अवस्थेतल्या बागेला काय धोका, हे स्पष्ट असतं.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीचाही अंदाज मिळतो. तो जरूर बघा, पण गावाचं नाव दिसलं म्हणून तो तुमच्या गावापुरता अचूक आहे असं धरू नका. तो संगणकाच्या मॉडेलमधून आलेला आकडा असतो, आणि वळवाचा ढग एका गावावर कोसळून शेजारचं गाव कोरडं ठेवतो.

खाजगी ॲपवर युरोपियन आणि अमेरिकन मॉडेलचे नकाशे दिसतात. मी दोन्ही बघतो, पण मिलिमीटरचा आकडा वाचत नाही. दोन्ही मॉडेल सलग दोन दिवस एकाच तारखेला ढग दाखवत असतील तर ती तारीख गांभीर्याने घेतो. एकाच मॉडेलने एकदा दाखवला आणि पुढच्या वेळी पुसला, तर सोडून देतो.

व्हॉट्सॲपवर फिरणारा अंदाज तारीख आणि जारी केल्याची वेळ नसेल तर पुढे पाठवू नका. मागच्या वर्षीचा लाल नकाशा दरवर्षी मार्चमध्ये फिरतो. अशा एका संदेशामुळे आमच्या वस्तीवर एकाने कच्ची द्राक्षं तोडून दिली.

३. शब्दांचे खरे अर्थ

ही पायरी घाईत वाचू नका. माझं सगळ्यात जास्त नुकसान शब्दांनी केलं.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'अनेक ठिकाणी' ५१ ते ७५, आणि त्याहून जास्त असेल तर 'बहुतांश ठिकाणी'. हा शब्द पाऊस किती भागात पडेल ते सांगतो. तो किती जोरात पडेल, हे त्यात नाही. वळवाचा पाऊस स्वभावानेच तुरळक ठिकाणी पडतो, पण जिथे पडतो तिथे गाराही पडू शकतात. म्हणून 'तुरळक' वाचून निर्धास्त होणं मार्चमध्ये चालत नाही.

जोर सांगणारे शब्द वेगळे. २४ तासांत २.५ ते १५.५ मिमी म्हणजे 'हलका', १५.६ ते ६४.४ 'मध्यम', आणि ६४.५ पासून पुढे 'मुसळधार'. आता विचार करा. साखर भरलेल्या थॉमसन या द्राक्षवाणाच्या घडावर १० मिमी पाऊस पडला तर मणी तडकतात. खात्याच्या मोजमापात तो 'हलका' पाऊस आहे. पसरलेल्या कांद्याला ५ मिमीही पुरे. हे मोजमाप सगळ्या देशासाठी, सगळ्या ऋतूंसाठी केलेलं आहे. तुमच्या पिकाला किती पाऊस जड जातो, तो आकडा तुम्हीच डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही. पाऊस नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता आणि तिचा परिणाम, दोन्ही धरतात. आपल्या भागात या दिवसांत इशारा आला तर बहुतेक वेळा पिवळा येतो आणि त्याखाली 'मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ३० ते ४० किमी वेगाने वारे' अशी ओळ असते. रंगापेक्षा ती ओळ वाचा. त्यात 'गारपीट' शब्द आला असेल तर पिवळ्यालाही मी लाल समजतो.

आणि साडेआठची गोष्ट. पावसाची नोंद सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० अशी होते. अंदाजावर तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. 'उद्या कोरडं' दिसलं तरी आजची रात्र आजच्याच अंदाजात मोजा.

४. लांबून जवळ या

एकदाच बघून निर्णय घेऊ नका. चार अंतरांवरून बघा.

दर गुरुवारी हवामान खातं पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. त्यातून तारीख मिळत नाही, पुढचे आठवडे नेहमीपेक्षा ओले की कोरडे, तापलेले की थंड, एवढा कल कळतो. मजुरांच्या टोळीला उचल देताना मी तो बघतो.

मंगळवार-शुक्रवारच्या पाच दिवसांच्या अंदाजावर आठवड्याचं काम मांडायचं. पश्चिमी विक्षोभ किंवा कमी दाबाचा पट्टा इतक्या आधी बऱ्यापैकी दिसतो. तो नेमका कुठल्या गावावर बरसेल, हे दिसत नाही.

रोजचा जिल्ह्याचा अंदाज दुपारच्या जेवणानंतर बघा. सकाळी मी फक्त काही बदललं का, एवढंच पाहतो.

शेवटचं अंतर तीन तासांचं. त्याला 'नाउकास्ट' म्हणतात. ढग प्रत्यक्ष दिसू लागल्यावर पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार इशारा येतो. तोवर नवं काही सुरू करण्याइतका वेळ नसतो, फक्त झाकता येतं. म्हणून ताडपत्री वावरात आणून ठेवण्याचं काम तीन तासांवर सोडू नका.

रडारचं चित्रही मिळतं, पण नाशिकसाठी मुंबईचं रडार दूर आहे आणि मधे सह्याद्री. अंतर वाढलं की रडारचा किरण जमिनीपासून उंच जातो, त्यामुळे आपल्याकडचा खालचा पाऊस त्यात कमी दिसू शकतो. उपग्रहाच्या चित्रात दुपारी दोन-तीनच्या सुमारास पांढराशुभ्र, गोल ठिपका झपाट्याने फुगताना दिसला तर तो उभा चढलेला ढग. तो कोणत्या दिशेला सरकतो ते लागोपाठच्या दोन-तीन चित्रांवरून ताडून बघा.

५. अंदाज कामाला जोडा

अंदाज वाचून 'पाऊस येणार का' असं विचारत बसलो की हातून काहीच होत नाही. कामाला किती कोरडे दिवस लागतात ते आधी ठरवा आणि तेवढे दिवस अंदाजात शोधा.

कांदा: काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाणी तोडायचं. निम्म्या माना पडल्या की काढणी. मग ३ ते ५ दिवस पातीसकट वावरात सुकवायचा, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल असा. म्हणजे काढणीच्या दिवसापासून सलग पाच कोरडे दिवस हवेत. पाच दिवसांच्या अंदाजात तिसऱ्या दिवशी ढग असेल तर मी काढणी पुढे ढकलतो. उभ्या कांद्याला चार-पाच मिमी पाऊस फारसा बाधत नाही, काढलेल्याला बाधतो. अर्धा कांदा काढून झालेला असताना इशारा आला तर काढणी थांबवा, आणि टोळीला पोळ, म्हणजे कांद्याचा ढीग, घालायला लावा. पोळ उंचवट्यावर घाला, भोवती चारी काढा, वर ताडपत्री. पाऊस ओसरला की ताडपत्री लगेच उघडा. आतली वाफ पावसाइतकीच वाईट.

द्राक्ष: तोडणीच्या बाबतीत घाई आणि उशीर दोन्ही महाग. तीन-चार दिवसांवर ओला हवामानपट्टा दिसत असेल आणि मण्यांत व्यापाऱ्याला हवी तेवढी साखर आली असेल, तर सौदा लांबवू नका. एक-दोन रुपयांसाठी थांबून तडकलेला माल बेदाण्याला देताना मी लोकांना पाहिलंय. माल कच्चा असेल तर थांबायचं, दुसरा उपाय नाही. ढगाळ हवा दिसली की औषधाचा पंप जोडायची सगळ्यांना घाई होते. तोडणीच्या तोंडावर असं फवारू नका. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवसांचं अंतर लागतं, ते मोडलं की मालात औषधाचे उर्वरित अंश सापडतात आणि एक्सपोर्टचा माल नाकारला जातो. डाऊनी, भुरी या बुरशीच्या रोगांचा धोका खरा आहे का, हे द्राक्ष केंद्राच्या सल्ल्यात बघून, कृषी अधिकाऱ्याला विचारून मग ठरवा.

फेब्रुवारीत द्राक्षाला दुसरी भीती थंडीची. विक्षोभ पूर्वेकडे सरकला, आभाळ मोकळं झालं आणि उत्तरेचा वारा सुटला की पुढच्या दोन-तीन रात्री पारा उतरतो. रात्री थंडी, दुपारी कडक ऊन, असा फरक वाढला की पांढऱ्या वाणात मणी गुलाबी होतात. त्यासाठी घडांना कागद लावायचा तो आधी. कडाक्याच्या रात्री ठिबक सोडतात, बागेत शेकोट्या पेटवतात. तुमचा तापमापक इथे उपयोगी पडतो, कारण शहराचा आकडा आठ असताना बागेत पाच असू शकतो.

गव्हाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हार्वेस्टरवाल्याचा नंबर आधी लावा. पिकलेला गहू भिजला की चमक जाते.

एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतर वेल खरडून छाटणं. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीत पुढच्या वर्षीचे घड तयार होत असतात आणि त्यांना ऊन लागतं. सलग ढगाळ दिवस आले तर डायरीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात घड कमी का, याचं उत्तर तिथे सापडू शकतं.

६. वीज कडाडत असताना

दामिनी ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. ठिकाण ओळखण्याची परवानगी चालू ठेवा, नाहीतर ते गप्प बसतं. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ताबडतोब पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

बागेसाठी एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. लोखंडी अँगल आणि तारा सगळ्या बागेत एकमेकींना जोडलेल्या असतात. एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाच्या तारेला हात लावलेल्या माणसालाही ती लागू शकते. पाऊस येतोय म्हणून कॅरेट भरायची घाई चाललेली असते, तेव्हाच टोळी बागेत असते. मालाची पर्वा करू नका, आधी माणसं बाहेर काढा. झाडाखाली, मोटरपाशी, पत्र्याच्या उघड्या शेडखालीही नाही.

७. स्वतःची नोंद

रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक आणि तापमापक वाचा. खात्याचीही वेळ तीच, त्यामुळे तुलना नीट होते. डायरीत एका ओळीत लिहा: काल अंदाज काय होता, प्रत्यक्ष काय झालं, वारा कुठला होता. कागदाची डायरी यासाठी की ती घरातलं कुणीही लिहू शकतं. मी तालुक्याला गेलो की आई लिहिते. एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे जवळपास ४,००० लिटर पाणी, त्यामुळे पाणी कधी द्यायचं हेही या नोंदीवरून ठरतं. माझ्या वावरात पूर्वेचा वारा आणि पिवळा इशारा एकत्र आले की काळजी घ्यायची, हे मला तिसऱ्या वर्षीच्या डायरीतून दिसलं.

८. नुकसान झालंच तर

द्राक्षाचा हवामान आधारित फळपीक विमा साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उतरवावा लागतो. मार्चमध्ये आभाळ बघून तो मिळत नाही. त्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून वेगळं घ्यावं लागतं, आणि पुष्कळांना हे नुकसान झाल्यावर कळतं. पाऊस, तापमान यांची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, म्हणून आपलं मंडळ कोणतं आणि केंद्र कुठे बसवलंय ते आधीच बघून या. गारपिटीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची, हेल्पलाइन १४४४७ वर किंवा विमा ॲपवर. तक्रार क्रमांक लगेच लिहून घ्या. कांद्याच्या विम्यात कोणते धोके धरलेत हे वर्षागणिक बदलतं, तेव्हा उतरवतानाच विचारा.

सरकारी मदतीसाठी पंचनामा वेगळा. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असावं लागतं. तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत बाग साफ करू नका. थांबणं शक्यच नसेल तर तारीख-वेळ दिसणारे फोटो आणि व्हिडिओ काढा, शेजाऱ्याला साक्षीला घ्या.

घरात एका पिशवीत हे तयार ठेवा:

- सातबारा आणि ८-अ
- आधार कार्ड, बँक पासबुकची प्रत (आधार जोडलेलं खातं)
- शेतकरी ओळख क्रमांक
- ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची नोंद) केल्याचा पुरावा
- विम्याची पावती
- सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतिपत्र

यातली ई-पीक पाहणी सगळ्यात जास्त राहून जाते. सातबाऱ्यावर पीकच नोंदलेलं नसेल तर पंचनाम्याला आलेला माणूसही काही करू शकत नाही. रब्बीची पाहणी मुदतीत करा, आणि नोंद झाल्यावर सातबारा पुन्हा उघडून कांदा लागलाय की नाही ते स्वतः बघा.